पट सोपा, कड अवघड

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर एकमेकांना मारू न शकणारे आठ वजीर मांडण्याचे कोडे अनेकांनी सोडवलेले असते. एकोणिसाव्या शतकातलेच दुसरे एक कोडे मात्र तितके प्रसिद्ध नाही. पटावरचे प्रत्येक घर एकतर वजिराने व्यापलेले असावे किंवा एखाद्या वजिराच्या माऱ्यात यावे, यासाठी कमीत कमी किती वजीर लागतील? उत्तर आहे पाच. रशियन बुद्धिबळपटू कार्ल यानिश यांनी १८६२ मध्ये बुद्धिबळाच्या गणितावरील आपल्या ग्रंथात या प्रकारच्या प्रश्नाचा अभ्यास केला. पाच वजिरांच्या अशा मांडण्या ४,८६० निघतात. चार वजिरांत मात्र कसेही केले तरी भागत नाही. वजिरांऐवजी राजे वापरले तर नऊ लागतात, घोडे बारा, हत्ती आठ आणि उंटही आठ.

यातून सोंगट्या वगळल्या की जे उरते त्याला गणितात ग्राफ म्हणतात: काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा. रेषेने जोडलेले बिंदू एकमेकांचे शेजारी. आता काही बिंदू असे निवडायचे की प्रत्येक बिंदू स्वतः निवडलेला असेल किंवा निदान त्याचा एक शेजारी तरी निवडलेला असेल. फ्रेंच गणिती क्लोद बर्ज यांनी १९५८ मध्ये ही कल्पना ग्राफच्या भाषेत मांडली आणि नॉर्वेचे ऑयस्टीन ओर यांनी १९६२ मध्ये तिला ‘डॉमिनेटिंग सेट’ हे नाव दिले. १९९८ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ निघाला, तेव्हा त्याच्या सूचीत बाराशेहून अधिक शोधनिबंधांची नोंद होती.

या लेखापुरती आपण अगदी दुबळी सोंगटी घेऊ. तिला पहारेकरी म्हणू. तो स्वतःचे घर आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेले एकेक घर एवढेच सांभाळतो. तिरके त्याला दिसत नाही आणि लांबचेही दिसत नाही. असे कमीत कमी किती पहारेकरी नेमले म्हणजे सगळा पट सांभाळला जाईल?

हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. पट पूर्ण आयताकृती असेल तर उत्तरासाठी शाळकरी मुलालाही वापरता येईल असे सूत्र आहे. त्याच पटातली काही घरे कापून काढली तर मात्र खात्रीचे आणि झटपट उत्तर देणारी रीत जगात कुणालाच ठाऊक नाही. घरे तीच आहेत आणि नियमही तोच. मग एवढा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

एकाला पाच घरे

पहारेकरी जास्तीत जास्त पाच घरे सांभाळतो, म्हणून घरांच्या संख्येला पाचने भागले की निदान एवढे तरी लागणारच, हे कळते. चार बाय चारच्या पटावर १६ घरे असतात. तीन पहारेकरी फार तर १५ घरे सांभाळतील, म्हणजे चार हवेतच. आणि चार पुरतातही. पहिल्या ओळीत दुसरे घर, दुसरीत चौथे, तिसरीत पहिले आणि चौथीत तिसरे अशी चार घरे निवडून पाहा. सोळाही घरे सांभाळली जातात, आणि तीही प्रत्येकी एकदाच. नीट पाहिले तर एका पहारेकऱ्यापासून दुसऱ्याकडे जाताना घोड्याची अडीच घरांची चाल पडते.

ही घोड्याची चाल योगायोगाने आलेली नाही. पट चारही दिशांना अमर्याद पसरलेला आहे असे समजा. त्यावर घोड्याच्या चालीच्या अंतराने पहारेकरी मांडत गेले, तर प्रत्येक घर नेमक्या एकाच पहारेकऱ्याच्या वाट्याला येते. कुठे दुबार नाही आणि कुठे रिकामे नाही. दर पाच घरांमागे एक पहारेकरी, याहून काटकसर शक्यच नाही.

खऱ्या पटाला मात्र कड असते. कडेला उभ्या पहारेकऱ्याचा एक हात पटाबाहेर वाया जातो, कोपऱ्यातल्याचे दोन. ते टाळायला त्याला आत सरकवले, तर शेजारच्या पहारेकऱ्याशी त्याची घरे दुबार होतात. आठ बाय आठच्या पटावर ६४ ला पाचने भागून १३ पुरावेत असे वाटते; प्रत्यक्षात १६ लागतात. पाच बाय पाचवर पाचऐवजी सात लागतात.

जवळपास तीन दशके पुरलेले सूत्र

पूर्ण पटासाठी नेमका आकडा काढायचे प्रयत्न लहान रुंदीपासून सुरू झाले. चार घरांपर्यंत रुंदी आणि कितीही लांबी असलेल्या पटांचा हिशेब जेकबसन आणि किंच यांनी १९८३ मध्ये पूर्ण केला. पाच आणि सहा रुंदीचा निकाल १९९३ मध्ये चँग आणि क्लार्क यांनी लावला. त्याआधी १९९२ मध्ये चँग यांनी साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात एक अनुमान मांडले होते. दोन्ही बाजू निदान १६ घरांच्या असतील, तर लांबीत दोन मिळवा, रुंदीत दोन मिळवा, दोहोंचा गुणाकार करा, पाचने भागून अपूर्णांक सोडून द्या आणि चार वजा करा. जे येईल तेच उत्तर.

शंभर बाय शंभरचा पट घेऊ. १०२ गुणिले १०२ म्हणजे १०,४०४. पाचने भागून २,०८०. चार वजा जाता २,०७६. कड नसती तर २,००० पुरले असते. वरचे ७६ ही कडेची किंमत.

सूत्रातले ‘दोन मिळवा’ कुठून येते, हे समजायला सोपे आहे. पटाभोवती एका घराची जादा चौकट आखायची, त्या मोठ्या पटावर घोड्याच्या चालीची अमर्याद नक्षी अंथरायची आणि चौकटीत उभे राहिलेले पहारेकरी एकेक पाऊल आत घ्यायचे. चारही कोपऱ्यांत थोडी हिकमत केली की प्रत्येक कोपऱ्यात एक पहारेकरी वाचतो, म्हणून चार वजा. एवढ्यात काम भागते, हे दाखवणे सोपे. याहून कमीत कधीच भागणार नाही, हे सिद्ध करणे अवघड. २००४ मध्ये डेव्हिड ग्विचार्ड सूत्राच्या अगदी जवळ पोहोचले. त्यांनी दाखवलेल्या खालच्या मर्यादेत चारऐवजी नऊ वजा होत होते, एवढाच फरक उरला.

ते अंतर २०११ मध्ये फ्रान्समधल्या चौघांनी मिटवले: दानिएल गोन्साल्विस, अलेक्सांद्र पैंलू, मिकाएल राओ आणि स्तेफान तोमासे. त्यांच्या सिद्धतेचा पाया नुकसानीच्या हिशेबाचा आहे. प्रत्येक पहारेकऱ्याची ताकद पाच घरांची धरली, तर एकूण ताकदीतून पटाची घरे वजा केल्यावर उरते ते नुकसान. शंभर बाय शंभरच्या पटावर ते १०,३८० वजा १०,००० म्हणजे ३८० घरांचे होते. पटाच्या मध्यभागी नुकसान शून्यावर आणता येते, म्हणून मध्यभागाकडे पाहायची गरजच नाही. कडेची एक ठराविक रुंदीची पट्टी घ्यायची आणि त्या पट्टीत निदान किती नुकसान होणारच, ते संगणकाकडून काढून घ्यायचे. ते उत्तर सूत्राशी तंतोतंत जुळले. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने २९ पर्यंतच्या रुंदीचे आकडेही संगणकावर मोजून प्रसिद्ध केले. यानिश यांच्या ग्रंथापासून मोजले तर दीडशे वर्षांनी पूर्ण पटाचा हिशेब संपला; जेकबसन आणि किंच यांच्यापासून मोजले तर अठ्ठावीस वर्षांनी.

घरे कापली की काय होते

आता दुसरी तऱ्हा. पटातली मनाला येतील ती घरे कापून टाका. उरलेल्या वेड्यावाकड्या आकारासाठी कमीत कमी किती पहारेकरी लागतील? ब्रेंट क्लार्क, चार्ल्स कोलबर्न आणि डेव्हिड जॉन्सन यांच्या १९९० च्या शोधनिबंधानुसार हा प्रश्न एनपी-कंप्लीट आहे.

या शब्दाचा अर्थ थोडक्यात असा. कुणी पहारेकऱ्यांची यादी हातात दिली, तर ती पुरेशी आहे की नाही, हे पटकन तपासता येते. पण यादी शोधायची कशी? १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवले की तर्कशास्त्रातला एक प्रश्न, पटकन तपासता येणाऱ्या सगळ्याच प्रश्नांचा अर्क आहे: तो झटपट सुटला तर सगळेच झटपट सुटतील. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी असे २१ प्रश्न एकमेकांत बांधले. गॅरी आणि जॉन्सन यांच्या १९७९ च्या प्रसिद्ध ग्रंथात डॉमिनेटिंग सेटचा प्रश्नही या यादीत आहे. कागदावर रेषा एकमेकींना न छेदता काढता येतील आणि एका बिंदूला फार तर तीन रेषा असतील, अशा साध्या ग्राफवरही तो तितकाच अवघड राहतो. झटपट रीत असूच शकत नाही, हे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही. ती सापडली तर हजारो प्रश्न एकदम सुटतील, एवढेच सिद्ध झाले आहे.

असा ग्राफ चौकोनी पटात लपवायचा कसा? इथे एक सुंदर युक्ती आहे. दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर तीन नवे बिंदू ओवले, तर लागणारे पहारेकरी नेमक्या एकाने वाढतात, ना कमी ना जास्त. म्हणून रेषा हव्या तितक्या लांबवता येतात आणि मूळ प्रश्नाचे उत्तर फक्त मोजक्या संख्येने पुढे सरकते. ती संख्या वजा केली की मूळ उत्तर परत मिळते. दुसरीकडे, लेस्ली व्हॅलियंट यांनी १९८१ मध्ये दाखवले की असे ग्राफ चौकोनी जाळीवर माफक जागेत बसवता येतात. बिंदूंच्या जागी घरे आणि रेषांच्या जागी घरांच्या गल्ल्या येतात. गल्ल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून जाळी पुरेशी मोठी घ्यायची.

अडचण एकच: गल्लीत ओवलेल्या घरांची संख्या तीनच्या पटीत हवी. गल्लीला एखादे वळण जास्त दिले तर तिची लांबी दोन घरांनी वाढते, दोन वळणांनी चार घरांनी. दोनला तीनने भागले तर बाकी दोन उरते, चारला भागले तर एक. म्हणजे मुळात बाकी काहीही असली तरी एक-दोन वळणांत ती शून्यावर आणता येते. काम झाले. कापलेल्या पटात कुठलाही असा ग्राफ दडलेला असू शकतो, म्हणून त्या ग्राफइतकाच तो पटही अवघड.

पूर्ण पटावर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे गल्ल्या कोरायला जागाच नसते. पूर्ण पटाचे वर्णन दोन आकड्यांत संपते. प्रत्येक बाजू फार तर १०० घरांची धरली तर पूर्ण पट १०,००० प्रकारचे. पण एकाच शंभर बाय शंभरच्या पटातून घरे कापून जे आकार होतील, त्यांची संख्या लिहायला तीन हजारांवर अंक लागतात. प्योत्र बर्मन यांनी १९७८ मध्ये आणि स्टीफन महानी यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयांचा रोख इथे कामाला येतो. प्रत्येक आकाराला ज्याची मोजकीच उदाहरणे असतात असा विरळ प्रश्न एनपी-कंप्लीट निघाला, तर सगळेच एनपी, म्हणजे पटकन तपासता येणारे, प्रश्न झटपट सुटतील. असे घडेल असे फार थोड्यांना वाटते. म्हणून चँग यांचे अनुमान सिद्ध होण्याआधीही पूर्ण पटाचा प्रश्न एनपी-कंप्लीट असेल अशी अपेक्षा कुणी धरली नसती. एका सूत्रात मावणाऱ्या प्रश्नात दुसरे हजार प्रश्न लपवायला जागा नसते.

दोन्ही तऱ्हांना जोडणारा धागा कडेचा आहे. पूर्ण पटाला मोठा मध्यभाग असतो आणि तिथे घोड्याच्या चालीची नक्षी बिनतोड चालते. हिशेब करायचा तो फक्त चार सरळ कडांचा, आणि त्या सगळ्या सारख्याच. घरे कापली की कड आतपर्यंत शिरते. गल्ल्यांच्या जाळ्यात तर मध्यभाग असा उरतच नाही. प्रत्येक घर कडेचेच. तिथे कुठलीही ठरलेली नक्षी उपयोगी पडत नाही.

अवघड, पण किती अवघड

एनपी-कंप्लीट म्हटले की हात टेकायचे, असे नाही. आठ बाय आठच्या पटावर पहारेकरी मांडण्याचे प्रकार २ चा ६४ वा घात इतके, म्हणजे १८ वर १८ शून्ये देऊन येणाऱ्या संख्येहूनही जास्त. ते सगळे तपासायची गरज नसते. डावीकडून उजवीकडे एकेक घर भरत जायचे आणि मागचे सगळे विसरून फक्त सीमेवरच्या घरांची स्थिती लक्षात ठेवायची. प्रत्येक घराच्या तीनच स्थिती असतात: पहारेकरी आहे, पहारेकरी नाही पण घर सांभाळलेले आहे, घर अजून उघडे आहे. आठ रुंदीला या स्थितींच्या ३ चा ८ वा घात, म्हणजे ६,५६१ जोडण्या होतात. त्या प्रत्येकीसाठी आतापर्यंतचा सर्वांत कमी आकडा मांडून ठेवला की पट कितीही लांब असला तरी चालते.

ही रीत कापलेल्या पटावरही तशीच चालते. म्हणजे नुसत्या छिद्रांनी प्रश्न अवघड होत नाही. छिद्रे असलेला पण अरुंद पट संगणकाला सोपा असतो. रुंदी वाढली की मात्र ओझे भराभर वाढते: २० रुंदीला जोडण्या सुमारे ३४९ कोटींवर जातात. पट चौरस असेल तर रुंदी म्हणजे घरांच्या संख्येचे वर्गमूळ. म्हणून इथला काळ घरांच्या संख्येच्या घाताने वाढत नाही, तिच्या वर्गमुळाच्या घाताने वाढतो. सरसकट ग्राफच्या मानाने ही मोठीच सवलत आहे.

नेमके उत्तर नको, जवळपासचे चालेल, असे असेल तर आणखी सवलत मिळते. डोरिट हॉकबाम आणि वोल्फगांग मास यांची १९८५ ची पट्टे सरकवण्याची रीत इथे लागू पडते. पटाचे दहा-दहा रुंदीचे उभे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्याला दोन्ही बाजूंचा एकेक स्तंभ पहारेकरी उभे करायला द्यायचा आणि प्रत्येक पट्टा वरच्या रीतीने अचूक सोडवायचा. बारा रुंदीला ५,३१,४४१ जोडण्या होतात, त्या साध्या संगणकालाही झेपतात. कापणीच्या रेषेला लागून असलेले पहारेकरी दोनदा मोजले जातात, तेवढाच तोटा. कापण्याच्या जागा एकेक घर सरकवून दहा वेळा हिशेब करायचा आणि सर्वांत कमी आकडा ठेवायचा. हा आकडा खऱ्या उत्तरापेक्षा २० टक्क्यांहून जास्त कधीच जात नाही. वीस रुंदीचे पट्टे घेतले तर १० टक्के. या चुकीचा सगळा भार इथेही आपण पाडलेल्या कडांवरच पडतो.

विजेच्या जाळ्यातला पहारा

हा सगळा खटाटोप कोड्यांपुरता नाही. बिनतारी यंत्रांच्या जाळ्यात काही यंत्रे निवडून त्यांच्यामार्फत सगळ्यांपर्यंत निरोप पोहोचवायचा असेल, तर निवडलेली यंत्रे एकमेकांनाही जोडलेली हवीत. ग्राफमधल्या या जोडलेल्या पहाऱ्याचा अभ्यास भारतीय गणिती ई. संपतकुमार आणि एच. बी. वालिकर यांनी १९७९ मध्ये सुरू केला. बिनतारी जाळ्यांवरच्या संशोधनात तो आज सर्रास वापरला जातो.

विजेच्या जाळ्यात नियम आणखी वेगळा होतो. तिथे विद्युतदाब आणि त्याची कला मोजणारी महागडी यंत्रे काही केंद्रांवर बसवतात. एखादे केंद्र आणि एक सोडून त्याचे सगळे शेजारी कळले असतील, तर विद्युतमंडलाच्या नियमांनी उरलेला शेजारी गणितानेच कळतो. २००२ मध्ये टेरेसा हेन्स आणि सहकाऱ्यांनी हा ‘पॉवर डॉमिनेशन’चा प्रश्न ग्राफमध्ये मांडला आणि सर्वसाधारण ग्राफवर तो एनपी-कंप्लीट असल्याचे दाखवले. पूर्ण पटावर मात्र डॉर्फलिंग आणि हेनिंग यांनी २००६ मध्ये त्याचेही सूत्र दिले. शंभर बाय शंभरच्या पटाला साध्या पहाऱ्यात २,०७६ पहारेकरी लागतात. या नियमाने २६ यंत्रे पुरतात. एकदा कळलेली माहिती ओळीओळीने पुढे सरकत जाते, म्हणून घरांच्या संख्येऐवजी पटाची रुंदी महत्त्वाची ठरते आणि तिच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी यंत्रे लागतात.

एखादा प्रश्न अवघड आहे की सोपा, असे नुसते विचारून भागत नाही. कुठल्या आकारांवर, किती रुंदीच्या पटावर आणि किती चूक चालवून घेऊन, हे आधी ठरवावे लागते. पूर्ण पटाला सूत्र आहे. अरुंद पटाला, मग तो कितीही कापलेला असो, झटपट आणि अचूक रीत आहे. रुंद आणि कापलेल्या पटाला हव्या तेवढ्या जवळचे उत्तर मिळते, पण अचूक उत्तराची झटपट रीत अजून सापडलेली नाही. ती कुणाला सापडली, तर तिने केवळ पहारेकऱ्यांचा प्रश्न सुटणार नाही. पी (झटपट सुटणारे प्रश्न) आणि एनपी (पटकन तपासता येणारे प्रश्न) एकच आहेत, हेही सिद्ध होईल. त्या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते अजून कुणालाही मिळालेले नाही.